मान्ना आणि उचल

बीड जिल्ह्यात देवाच्या पुरवठ्याविषयी लिहायचं, तर आधी उचलीविषयी लिहावं लागतं. पाऊस ओसरू लागला की ऊसतोडीचा मुकादम गावागावांतून फिरू लागतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा इथला हिशेब. कोयत्यामागे ठरेल ती रक्कम आगाऊ हातात पडते, तीच उचल. तीतून कुणाच्या लेकीचं लग्न निघतं, कुणाचा दवाखाना, कुणाचं मागच्या सालचं देणं. मग दसरा-दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाडं ट्रक-ट्रॅक्टरांत चढतात आणि पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतली कितीतरी गावं मग शिमग्यापर्यंत म्हाताऱ्यांच्या हवाली असतात. तिकडे फडात पाच-सहा महिने जो घाम गळतो, तो आधीच खर्चून झालेल्या पैशांसाठी. हंगाम सरताना हिशेब फिटला नाही, तर बाकी पुढच्या सालावर चढते.

अशा मुलखात ‘देव पुरवतो’ असं कुणी म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या मनात ते कुठे जाऊन बसतं, याचा विचार आपण उपदेश करणारे फारसा करत नाही. ते बसतं उचलीच्या शेजारी. देवाने पोर बरं केलं, नोकरी दिली, बोअरला पाणी लावलं. आता ते फेडायचं. रविवारची उपासना, दशमांश, शुक्रवारचा उपवास हे त्याचे हप्ते. एखादा रविवार चुकला की तो खाडा, आणि पुढच्या आठवड्यात घरात कुणी आजारी पडलं की तो त्या खाड्याचा दंड. साक्षीच्या सभांत हा समज इतका सर्रास ऐकू येतो की त्यात काही चुकतंय असंही कुणाला वाटत नाही. देव सर्वांत मोठा मुकादम आहे, एवढंच काय ते कुणी तोंडाने बोलत नाही.

पुढच्या पानांतली मननं ‘अनुवाद’ या पुस्तकावर आधारलेली आहेत, आणि माझ्या मते ती वाचण्याचं पहिलं कारण हेच आहे. देवाने काय काय दिलं ते आठव आणि त्याच्या आज्ञा पाळ, हे दोन धागे अनुवादाइतके घट्ट एकत्र वळलेले पवित्र शास्त्रात दुसरीकडे क्वचितच सापडतील. पण ते कसे वळले आहेत हे नीट पाहिलं नाही, तर तेच पुस्तक उचलीचा कागद म्हणून वाचलं जातं. तसं ते वाचलं गेलंही आहे.

क्रम आधी लक्षात घ्यावा. मिसर देशात इस्राएल लोक विटा पाडत होते आणि विटांची संख्या ठरलेली होती. मोशेने सुटका मागितली तेव्हा फारोने पेंढा देणं बंद केलं, विटांचा आकडा मात्र तोच ठेवला. फडात उभ्या असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. त्या आकड्यातून लोक बाहेर आले, समुद्र ओलांडला आणि रानात पोचल्यावर भुकेने कुरकुरू लागले. मिसरातली मांसाची भांडी त्यांना आठवू लागली. त्या कुरकुरीवर उत्तर म्हणून आकाशातून मान्ना, रोजचं अन्न, पडला. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात भाकर आहे आणि दहा आज्ञा विसाव्या अध्यायात. सीनाय पर्वताशी लोक पोचले ते पोटात अन्न घेऊन. आज्ञा पाळल्या म्हणून जेवण मिळालं, असं तिथे घडलेलं नाही; आणि जेवण दिलं म्हणून आता सही करा, असंही नाही.

मान्ना गोळा करण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. माणशी एक ओमर. कुणी जास्त गोळा केला, कुणी कमी. मोजून पाहिलं तर जास्तवाल्याकडे उरलं नाही आणि कमीवाल्याला तुटलं नाही. काहींनी उद्यासाठी लपवून ठेवला, त्यात किडे पडले, वास सुटला. सहाव्या दिवशी दुप्पट मिळायचा आणि तेवढा मात्र टिकायचा, कारण सातव्या दिवशी विसावा होता. तरीही काही लोक सातव्या दिवशी टोपल्या घेऊन बाहेर पडलेच. पिढ्यानपिढ्या आकड्याखाली जगलेल्यांना सुटीचा दिवस खरा कसा वाटणार? मोशेकरवी बोलणी बसली. पण दंड कापल्याची नोंद नाही. आठव्या दिवशी सकाळी पुन्हा प्रत्येकाला ओमरभर.

खाड्याला दंड नसलेली ही जगातली पहिली हजेरी असावी. ऊसतोडीत एक दिवस कामावर गेलं नाही की दंड लागतो, ही गोष्ट जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या दंडाने बायांच्या शरीरांचं काय केलं, ते २०१९ साली जगासमोर आलं. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, दुखणं मागे लागू नये, म्हणून तिशीच्या आतबाहेरच्या बायांची गर्भाशयं काढली गेली होती. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने नेमलेल्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यांतल्या १३,८६१ जणींवर ही शस्त्रक्रिया झालेली होती. हा आकडा मननाच्या पुस्तकात कशाला, असं विचारणारे भेटतील. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात विसाव्याच्या दिवसाची आज्ञा आहे. तिथे दास आणि दासी यांचा उल्लेख आहे, बैलाचा आणि गाढवाचाही आहे, आणि कारण दिलं आहे ते असं की तूही मिसरात दास होतास, हे आठव. निर्गमात त्याच आज्ञेला कारण सृष्टीच्या उत्पत्तीचं दिलेलं आहे. अनुवादाने ते बदलून गुलामीची आठवण घातली. म्हणजे विसावा मालकाच्या आत्मिक उन्नतीसाठी आहेच, पण त्याच्या दासीच्या कमरेसाठीही आहे. गर्भाशयाचा प्रश्न या आज्ञेबाहेरचा कसा म्हणायचा?

अनुवादात ‘आठव’ हा शब्द आला की पुढे बहुधा कुठल्या तरी गरिबाची गोष्ट येते. ही माझी युक्ती नाही, कुणीही पुस्तक उघडून तपासून घ्यावं. सातव्या वर्षी दासाला मोकळं करताना रिकाम्या हाताने पाठवू नकोस, कळपातलं, खळ्यातलं दे. कारण तूही दास होतास. शेतात पेंढी विसरली तर ती आणायला माघारी जाऊ नकोस, परका, अनाथ, विधवा यांची ती. कारण तूही दास होतास. याच मुलुखात उसाच्या फडावर वाढे कुणाचे हे जसं ठरलेलं असतं तसाच हा हक्क आहे. ऊस कारखान्याचा, पण शेंड्याचे वाढे टोळीचे; ते वैरणीला विकून रोजचं मीठ-मिरची भागतं. ते देऊन कुणी दान केल्याचा आव आणत नाही. शास्त्रातला सरवाही तसाच होता, त्यासाठी कुणाच्या पाया पडायची गरज नव्हती.

विसरलेल्या पेंढीची आज्ञा ज्यात आहे, त्याच चोविसाव्या अध्यायात आणखी तीन-चार गोष्टी आहेत, ज्या आपल्याकडच्या व्यासपीठांवरून मी फारशा ऐकलेल्या नाहीत. गहाण म्हणून जातं किंवा जात्याची वरची तळी घेऊ नये, कारण ते माणसाचा जीवच गहाण घेण्यासारखं आहे. कर्ज दिलेलं असलं तरी गहाण आणायला त्याच्या घरात शिरू नये, बाहेर उभं राहावं; तो आणून देईल. गरिबाचं पांघरूण गहाण असेल तर दिवस मावळायच्या आत परत करावं. आणि मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, मग तो आपला असो की परका, कारण त्याचं मन तिच्यावर लागलेलं असतं. पुढच्या अध्यायात दोन वजनांची पिशवी बाळगू नये असं आहे. घ्यायचं माप मोठं, द्यायचं लहान, हा धंदा तेव्हाही होता. काटामारी हा शब्द ज्या जिल्ह्यात शेतकऱ्याच्या आणि तोडकऱ्याच्या तोंडी रोज आहे, तिथे या ओळीवर वर्षातून एखादी उपासना तरी व्हायला हवी.

इथे एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. आपल्या मंडळ्यांत तोडीला जाणारी घरं आहेत, तशीच आता शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, कारकून आहेत, किराणा दुकानदार आहेत, दोन-चार मजूर लावणारे बागायतदारही आहेत. त्यांच्या साक्षींत देवाच्या पुरवठ्याचं वर्णन भरभरून असतं. प्लॉट मिळाला, मुलाला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला, गाडी आली. त्या आनंदात मला काही खोट दिसत नाही. पण साक्ष देऊन घरी गेल्यावर धुणंभांडीवाल्या मावशी पगाराची आठवण करतात आणि त्यांना सांगितलं जातं, ‘दहा तारखेनंतर बघू’. अनुवादाच्या हिशेबाने ती साक्ष अर्धीच झाली. उरलेली अर्धी मावशींनी द्यायची असते, आणि त्यांना माइक कुणी देत नाही.

आठवा अध्याय या सगळ्याचा गाभा आहे. त्यात रानातली चाळीस वर्षं आहेत, भूक आहे, मान्ना आहे, न फाटलेले कपडे आणि न सुजलेले पाय आहेत. हा भाग सर्वांना पाठ असतो. पण अध्यायाला भीती कशाची आहे ते पाहा. उपासमारीबद्दल त्यात धाक नाही. धाक आहे तो पोट भरल्याबद्दल. गहू, जव, द्राक्षं, अंजीर, डाळिंब, जैतुनाचं तेल, मध अशी जमीन मिळेल. चांगली घरं बांधाल, गुरंढोरं वाढतील, सोनं-रुपं साठेल. तेव्हा मनात म्हणाल की हे माझ्या मनगटाच्या जोरावर मिळालं. सहाव्या अध्यायात तर आणखी नेमकं आहे: न बांधलेली नगरं, न लावलेले मळे, न खोदलेल्या विहिरी. बीडकरांना न खोदलेल्या विहिरीचा दाखला शोधायला लांब जावं लागत नाही. शहराजवळची खजाना विहीर निजामशाहीत सलाबतखानाने सोळाव्या शतकात बांधली. जमिनीखालच्या भुयारी वाटांनी तिच्यात पाणी येतं आणि तशाच वाटेने ते शेतांकडे जातं. ज्यांनी ती खोदली त्यांच्यातल्या एकाही मजुराचं नाव आपल्याला ठाऊक नाही. माजलगावच्या कालव्यावर ऊस पिकवणाऱ्यालाही हे लागू आहे, आणि मिशनच्या शाळेत शिकून वर आलेल्या आपल्यासारख्यांना तर फारच.

आपल्या भागात ख्रिस्ती मंडळी आली कशी, हेही आठवणीतच मोडतं. निजामाच्या राज्यातला हा मुलूख. सुवार्तेची वाट एकीकडून नगरहून आणि दुसरीकडून जालना-औरंगाबादहून आली. १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री जन्माने ब्राह्मण. त्यांनी पुढे जालन्याला काम उभं केलं आणि जवळच नव्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी शेतीचं गाव वसवलं. त्याचं नाव बेथेल. ज्यांना गावकुसाबाहेर हात पसरून जगावं लागत होतं, त्यांना तिथे कसायला जमीन मिळाली. नाव मात्र मोठं विचार करायला लावणारं आहे. उत्पत्तीत याकोब घरातून पळालेला असतो, दगड उशाशी घेऊन झोपतो, आणि सकाळी उठून त्याच बेथेलला नवस बोलतो: देव बरोबर राहिला, खायला अन्न आणि ल्यायला वस्त्र दिलं, सुखरूप परत आणलं, तर तो माझा देव, आणि मिळेल त्याचा दहावा भाग मी देईन. अस्सल सौदा. आधी माल, मग पैसे. देवाने मात्र रात्रीच, स्वप्नात, कुठलीही अट न घालता सगळं देऊ केलेलं होतं. याकोबाला ते ऐकूच गेलं नाही. त्याच्या कानाला सौद्याचीच भाषा परिचयाची होती. आपलं दशमांशाचं पाकीट पुष्कळदा याकोबाच्या त्या सकाळचं असतं.

आठवणीतून आज्ञापालन कसं निघतं, याचं मराठी मुलखातलं सर्वांत ठसठशीत उदाहरण पंडिता रमाबाईंचं. त्यांचे आईवडील दुष्काळात, १८७४ च्या सुमारास, भटकंतीत अन्नावाचून खंगून गेले. थोरली बहीणही वाचली नाही. शास्त्री घराणं, म्हणून मजुरी करता येत नव्हती आणि भीक मागायला तोंड उघडत नव्हतं, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. पुढे विलायत झाली, अमेरिका झाली, १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघालं, नाव झालं. आणि १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा या बाई मध्य प्रांतात जाऊन पोचल्या आणि तिथून मुली-विधवांचे तांडे घेऊन आल्या. संस्थेत तेवढी जागा नव्हती, तेवढा पैसाही नव्हता. अमेरिकेतल्या मंडळाची दहा वर्षांची हमी संपतच आलेली होती. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळात गुजरातकडच्याही मुली आल्या आणि माणसं दोन हजारांच्या घरात गेली. त्या सगळ्यांच्या भाकरीसाठी त्यांनी देवाकडेच हात पसरला, हे आपण अभिमानाने सांगतो. माझं लक्ष मात्र त्याआधीच्या क्षणाकडे जातं. स्वतःच्या भुकेची आठवण असलेली बाई दुष्काळाची बातमी वाचून घरी बसू शकली नाही. प्रार्थनेने पैसे आले हा चमत्कार आहेच. पण पैसे नसताना पोरींना गाडीत बसवलं, ही आज्ञा पाळणं होतं, आणि ते आधी घडलं.

विश्वासाने चालणाऱ्या घरात त्या विश्वासाचा खर्च कोण करतं, हा प्रश्न मात्र लक्ष्मीबाई टिळकांना विचारावा. त्यांचे पती रेव्हरंड टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांच्या हातात पैसा टिकत नसे. कुणी गरजू भेटला की खिसा रिकामा. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण त्यावर मनापासून हसतो. पण चूल लक्ष्मीबाईंची होती. उद्याची चिंता करू नये हे वचन पुरुषाच्या तोंडी शोभून दिसतं, कारण उद्याचं पीठ बायको उसनं आणते. ही मननं वाचताना घराघरांतल्या पुरुषांनी एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

आता सर्वांत अवघड जागा. पाऊस पडला नाही तर काय म्हणायचं?

हा प्रश्न इथे हौसेचा नाही. बालाघाटाच्या डोंगररांगा जिल्ह्यातून आडव्या गेल्या आहेत, जमीन हलकी, पाऊस सरासरीने साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि सरासरी ही गोष्ट कागदावरच पडते. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेली माणसं अजून आहेत. लाल मिलोची भाकरी, सुकडी, खडी फोडून सोललेले हात, पाझर तलावाच्या कामावरची हजेरी, हे सगळं त्यांच्या बोलण्यात आपोआप येतं. २०१५-१६ ला माजलगाव धरण मृतसाठ्यात गेलं, आणि शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावं लागलं. या वर्षांमध्ये कर्जापायी गळफास घेतलेल्या शेतकऱ्याच्या बायकोसमोर उभं राहून ‘देव पुरवतो’ म्हणण्याचं धाडस ज्याला होतं, त्याच्या विश्वासापेक्षा मला त्याच्या कानांची काळजी वाटते.

पवित्र शास्त्रही तसं करत नाही. रूथचं पुस्तक दुष्काळाने सुरू होतं. बेथलेहेमात अन्न नाही म्हणून अलीमलेख बायकामुलांना घेऊन मवाबात गेला. जगायला गेलेला माणूस तिथेच मेला, दोन्ही पोरगे मेले. त्याची बायको नामी परत आली ती भरल्या तोंडाने तक्रार करत: मी भरलेली गेले होते, देवाने मला रिकामी आणली. पुस्तकात कुणीही तिला गप्प करत नाही. तू कृतघ्न आहेस, मागचे उपकार आठव, असं तिला कुणी ऐकवत नाही. गावच्या बाया ऐकून घेतात. आपल्या साक्षीच्या सभेत नामीला उभं राहायला जागा आहे का, हे प्रत्येक मंडळीने स्वतःला विचारावं.

मग पुरवठा कुठून आला? आकाशातून काही पडलं नाही. मान्ना तर फार आधी, यार्देन ओलांडून गिलगालला त्या देशाचं पीक खाल्लं त्याच्या दुसऱ्या दिवशी, बंद झाला होता. रूथ ही नामीची मवाबी सून, परकी बाई. सरवा वेचायला निघाली आणि बवाजाच्या शेतात पोचली. बवाजाने काय केलं? सरव्याचा नियम पाळला, आणि थोडा जास्तच पाळला. गड्यांना सांगितलं, तिच्या अंगाला हात लावू नका, मुद्दाम चार कणसं गळू द्या; तिला सांगितलं, तहान लागली तर गड्यांनी भरलेल्या घड्यातलं पाणी पी. बवाजाच्या बाजूने पाहिलं तर ते आज्ञापालन. नामीच्या घरात त्या रात्री जे जव मोजले गेले, तिच्या बाजूने तो देवाचा पुरवठा. जव तेच.

या मननमालेत मला जे सापडलं आणि जे मी वाचकापुढे ठेवू इच्छितो, ते इथे आहे. आज्ञा पाळून आपण देवाचं काही फेडत नसतो. त्याची बाकी कधी काढलेलीच नाही. आपल्या आज्ञापालनातून तो दुसऱ्या कुणाच्या ताटात वाढत असतो. आपण मजुरी वेळेवर दिली नाही, तर कुणाच्या तरी घरी देवाने पुरवलं नाही असं ठरतं, आणि त्याचा बोल देवाला लागतो. याकोबाच्या पत्रात कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरीच ओरडते, आणि ती ओरड देवाच्या कानी पोचते असं म्हटलं आहे. मजुरी अडवणारे देवाचं नाव घेणारे असतील, तर त्या ओरडीत त्यांची प्रार्थना कशी ऐकू जाईल, हा प्रश्न मी मोकळाच सोडतो.

पाण्याच्या बाबतीतही शेजारच्या नगर जिल्ह्याने हे दाखवून दिलं आहे. फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे जेझुइट १९४८ साली भारतात आले आणि नगर भागातल्या कोरडवाहू गावांत राहिले. पुढे भारत-जर्मनी पाणलोट कार्यक्रम त्यांच्या पुढाकाराने सुरू झाला, १९९३ साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी ‘वॉटर’ ही पाणलोटाची संस्था काढली आणि काम बीड-जालन्याकडेही आलं. पैसा मंजूर होण्याआधी गावाला श्रमदान करून दाखवावं लागे; कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळावी लागे. पाऊस आपल्या हाती नाही, पण माथ्यावरून पायथ्यापर्यंत चर खणणं हाती आहे. आणि शेळ्या बांधून ठेवणं तर अगदीच हाती आहे, फार कटकटीचं असलं तरी. चराईबंदी मोडणाऱ्या एका घरामुळे सगळ्या गावाचा डोंगर उघडा पडतो. ‘वॉटर कप’ या गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेच्या पहिल्या वर्षी, २०१६ ला, राज्यातल्या तीन तालुक्यांत आपल्या जिल्ह्यातला अंबाजोगाई होता. ज्यांनी तेव्हा उन्हात टिकाव-फावडं मारलं त्यांना हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. ते बहुतेक ख्रिस्ती नव्हते, हेही नोंदवून ठेवतो. देवाच्या पुरवठ्यात आपण वाढपी असलो तरी एकटे नाही.

वाचायचं कसं, याबद्दल थोडं. मननांचा क्रम दसऱ्यापासून धरला आहे, कारण या जिल्ह्यात वर्ष तिथे वळतं. तोडीला जाणाऱ्यांसाठी रोजचा मजकूर मुद्दाम अर्ध्या पानाचा ठेवला आहे. पहाटे तीनला उठून फडात जाणाऱ्याला यापेक्षा जास्त वाचवणार नाही. कोपीत एकाने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी भाकरी थापता थापता ऐकावं. ज्याला वाचता येत नाही त्याने हंगामी वसतिगृहातून सुटीला आलेल्या पोराकडून वाचून घ्यावं. पोराचाही सराव होईल. घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांनी तेच मनन त्याच दिवशी वाचावं, फोन लागला तर त्यावर बोलावं.

गावात राहणाऱ्या पगारदार घरांसाठी एक सूचना आहे, ती थोडी खुपेल. प्रत्येक आठवड्याच्या शेवटी अर्धं पान कोरं सोडलं आहे. त्यावर डावीकडे या आठवड्यात काय मिळालं ते लिहायचं: पगार, भाजी, शेजाऱ्याने दिलेली सीताफळं, बरा झालेला ताप. उजवीकडे आपण कुणाचं देणं लागतो ते लिहायचं, नाव आणि रकमेसह. दूधवाला, शेतावरचा गडी, मावशी, शिकवणीवाल्या बाई. दोन्ही बाजू जुळाव्यात अशी अपेक्षा नाही, त्या जुळणार नाहीतच. उजवीकडची नावं मात्र रविवारच्या उपासनेला निघण्यापूर्वी खोडून व्हावीत. खोडता आली नाहीत तर उपासना चुकवू नये. मंडळीत आधी त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसावं, आणि कधी देणार ते त्याला सांगावं.

उपकारस्तुतीच्या दिवशी मंडळीत अर्पणासाठी ज्वारीची पोती, भोपळे, कोंबड्या येतात आणि आवारात त्यांचा लिलाव होतो. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात पहिल्या पिकाची टोपली आणणाऱ्याला आधी आपल्या भटक्या, दास झालेल्या पूर्वजांची कथा म्हणायला लावली आहे, आणि मग लेव्याला व परक्याला बरोबर घेऊन त्या सगळ्या चांगल्याचा आनंद करायला सांगितलं आहे. यंदा लिलावाआधी प्रत्येक घरातल्या एकाने आपल्या घराची अशी कथा पाच वाक्यांत सांगावी, असं मननं लिहिणाऱ्यांचं सुचवणं आहे: कुठल्या गावचे, कुणाच्या बांधावर राबलेले, कुठल्या दुष्काळात कुणी वाचवलेले. पुष्कळांना ती सांगायला अवघड जाईल. दोन पिढ्या आपण ती लपवण्यात घालवल्या आहेत. तोडीहून परतलेल्या घरांना आधी बोलू द्यावं. त्यांच्याकडे ती ताजी असते.